कॉस्टरमाँगर

कॉस्टरमाँगर म्हणजे लंडनमधला जुना फेरीवाला, हातगाडीवर नाहीतर गाढवगाडीवर फळं, भाजी, मासे घेऊन रस्त्यावर ओरडत विकणारा. लोक त्याला नुसतं कॉस्टरही म्हणायचे.

शब्दाचे दोन तुकडे आहेत. पहिला कॉस्टर्ड, हे इंग्लंडमधलं एक जुनं मोठं सफरचंद, शिजवून खायचं, त्याचा उल्लेख तेराव्या शतकाच्या शेवटापासून सापडतो. त्याच्या अंगावर उभे कंगोरे असायचे म्हणून जुन्या फ्रेंचमधल्या बरगडीच्या शब्दावरून, म्हणजे मुळात लॅटिन कोस्तावरून हे नाव पडलं असं मानतात. पुढे इंग्रजीत कॉस्टर्ड म्हणजे डोकं असाही अर्थ आला, आपण टाळकं म्हणतो ना अगदी तसा.

दुसरा तुकडा माँगर, आणि खरी मजा इथेच आहे. लॅटिनमध्ये मांगो म्हणजे व्यापारी, त्यातही माल सजवून, आहे त्यापेक्षा भारी दाखवून विकणारा, गुलामांचा व्यापारीसुद्धा. आंब्याच्या मँगोशी ह्याचा काहीएक संबंध नाही, तो शब्द दक्षिण भारतातून पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेला. माँगर हा प्रत्यय आपल्या 'वाला'सारखा, फिशमाँगर म्हणजे मासेवाला, पण सोळाव्या शतकापासून त्याला वाईट वास यायला लागला आणि वॉरमाँगर म्हटलं की मराठीत 'वाला' चालत नाही, युद्धखोरच म्हणावं लागतं, म्हणजे आपले 'वाला' आणि 'खोर' दोन्ही त्या एकाच प्रत्ययात बसलेत.

कॉस्टरमाँगर हा जोडशब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो, तेव्हा अर्थ सरळ सफरचंदवाला एवढाच. नंतर गाडीवर बाकीचा माल आला तरी नाव तेच राहिलं. हेन्री मेह्यू ह्या इंग्रज पत्रकाराने 1851 च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर जे लिहिलं त्यात त्याने ह्या लोकांचा आकडा तीस हजारांच्या आसपास धरलाय. त्यांचा गळ्यातला रेशमी रुमाल, पोलिसांशी कायमचं वैर, आणि गिऱ्हाइकाला किंवा पोलिसाला कळू नये म्हणून शब्द उलटे करून बोलायची भाषा, हे सगळं त्याने बारकाईने नोंदवलंय, आणि मला वाटतं एवढ्या आपुलकीने फेरीवाल्यांचं ऐकून घेणारे लोक तेव्हाही कमीच असतील. त्या भाषेत पेनीला येनेप म्हणायचे, बॉयला यॉब. त्यातला यॉब आजही ब्रिटनमध्ये चालतो, दंगा करणाऱ्या उद्धट पोरांसाठी.