येरवड्यातलं मैदान आणि सुटकेनंतरचं काम

कारागृहात व्यायाम कशासाठी, या प्रश्नाची उत्तरं काळागणिक बदलत गेली. आधी शिस्तीसाठी, मग रोगराई पसरू नये म्हणून, मग रिकामी डोकी मारामारीकडे वळू नयेत म्हणून. सुटल्यावर पोटापाण्याला लागता यावं म्हणून व्यायाम, हे उत्तर सगळ्यांत उशिरा आलं. पुण्यात ते अजून पुरतं रुजलेलं नाही. खरं तर या शहराकडे त्यासाठी लागणारं सारं आहे.

येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचं. त्या काळी कैद्याच्या शरीराकडे शिक्षा भोगण्याचं साधन म्हणूनच पाहिलं जाई. इंग्लंडात पायांनी फिरवायचं चाक होतं, आपल्याकडे घाणा, दळण आणि काथ्या कुटणं. १८९४च्या कारागृह कायद्याने सक्तमजुरीला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि कामावरच्या कैद्याचं वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या टिपणावर नोंदवायला वैद्यकीय अधिकाऱ्याला बांधून घातलं. शरीर झिजतंय का, एवढंच कायदा पाहत होता. ते घडवावं, असं त्यात कुठे नव्हतं. कॉलेजात असताना एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावणारे लोकमान्य टिळक १८९७च्या राजद्रोहाच्या शिक्षेत किती खंगले, हे पुणेकरांनी वाचलेलं असतं. सप्टेंबर १८९८मध्ये ते सुटले ते येरवड्यातूनच.

शरीर घडवण्याचा विचार त्याच सुमारास दुसरीकडे सुरू झाला होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा इथे १८७६पासून तरुण गुन्हेगारांसाठी सुधारगृह चालू होतं. तिथले डॉक्टर हॅमिल्टन वे यांनी १८८६मध्ये शिकवणीत सर्वांत मागे पडलेल्या काही मुलांना निवडलं आणि त्यांना रोज अंघोळ, मालीश आणि व्यायाम सुरू केला. शरीराबरोबर अभ्यासातली प्रगतीही तपासायची, हा त्यातला नवा भाग. दोनच वर्षांनी त्या राज्याने तुरुंगातल्या कारखान्यांवर कायद्याने बंधनं आणली आणि रिकामे हात गुंतवायला एल्मायरात लष्करी कवायत आली. म्हणजे एकाच संस्थेत व्यायाम एकदा शिक्षण म्हणून आला आणि लगेच वेळ भरून काढायला वापरला गेला. ही ओढाताण पुढे सगळीकडे दिसते, आपल्याकडेही.

इंग्लंडच्या केंट परगण्यात बोर्स्टल नावाच्या गावी १९०२मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात तरुणांना सुतारकी, शेती आणि व्यायाम एकाच दिनक्रमात दिला गेला. ती पद्धत मुंबई इलाख्यात १९२९च्या कायद्याने आली. मधल्या काळात, १९१९-२०च्या भारतीय कारागृह समितीने कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचं काम आहे, असं स्पष्ट म्हटलं होतं. कागदावर वळण बदललं. बराकीत ते पोहोचायला बराच वेळ लागला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते औंधचं उदाहरण. पुण्याचं औंध नव्हे, साताऱ्याकडचं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते. स्वतः रोज घालत, शाळांतून मुलांना घालायला लावत, त्यावर लिहीत आणि बोलत. याच राजाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची त्यामागे मोठी प्रेरणा होती. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीबाहेर आणायचं, कुटुंबासह राहू द्यायचं, जमीन कसू द्यायची आणि पहाऱ्याच्या जागी विश्वास ठेवायचा. ही खुली वसाहत आजच्या सांगली जिल्ह्यात आहे. शरीर कमावण्याचा आग्रह आणि कैद्यावर जबाबदारी टाकण्याचं धाडस एकाच माणसात होतं, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. रोज पहाटे उठून स्वतःला वळण लावणाऱ्याला, दुसराही स्वतःला वळण लावू शकतो, हे पटायला सोपं जातं.

पुण्यात याच काळात व्यायामाच्या संस्था उभ्या राहत होत्या. खो-खोचे नियम १९१४च्या सुमारास डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. १९२४मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम सुरू झालं. पुढे मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आलं, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. आणि या सगळ्याच्या आधीपासून पेठापेठांतल्या तालमी होत्याच. तालमीची रीत इथे मुद्दाम सांगायला हवी. आज जोर काढणारा पोरगा दोन-चार वर्षांत धाकट्यांना डाव दाखवू लागतो, हौदा खणतो, आखाड्याच्या वेळा सांभाळतो. वस्ताद त्याच्यावर किल्ली सोपवतो. अंग कमावणं आणि जबाबदारी घेणं तिथे कधी वेगळं नव्हतं.

कारागृहाच्या नियमांत मात्र ते वेगळं राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५च्या किमान नियमांनी उघड्यावरचं काम नसलेल्या प्रत्येक कैद्याला रोज निदान तासभर मोकळ्या हवेत व्यायाम द्यायला सांगितलं. त्यांच्याच २०१५च्या सुधारित आवृत्तीने, म्हणजे नेल्सन मंडेला नियमांनी, तेच पुन्हा सांगितलं. आपल्याकडे कारागृह सुधारणांसाठी मुल्ला समिती आली, आदर्श कारागृह नियमावल्या आल्या. २०१६च्या नियमावलीत बंद्यांच्या शिक्षणाचे प्रकार मोजले आहेत. त्यात शारीरिक व आरोग्य शिक्षण एक, व्यवसाय शिक्षण दुसरं. दोन्ही आहेत हे चांगलंच. पण रकाने वेगळे, म्हणून माणसं वेगळी, वेळा वेगळ्या. सकाळी पी.टी., नंतर ज्याला काम आहे तो सुतारकाम, हातमाग किंवा बेकरीत, आणि मैदानावर जे शिकलं त्याची नोंद कुठेच नाही.

हे रकाने जोडण्याचं काम गेल्या तीसेक वर्षांत झालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं मांडली. निर्णय घेणं, ताण आणि भावना हाताळणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं, वगैरे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने खेळातून हीच कौशल्यं शिकवण्याचा अभ्यासक्रम तयार केला. ब्रिटनमध्ये २०१७मध्ये हॅव्हरिग कारागृहात पार्करन सुरू झालं. दर आठवड्याला पाच किलोमीटर धावायचं, आणि वेळ नोंदवणं, मार्गावर उभं राहणं, निकाल लावणं ही कामं बंद्यांनीच करायची. पुढच्या वर्षी संशोधक रोझी मीक यांचा कारागृहांतल्या खेळांवरचा सरकारी अहवाल आला. बॉक्सिंग आणि मार्शल आर्ट्सची त्यातली शिफारस सरकारने नाकारली, ती भीती समजण्यासारखी आहे. पण खेळ हा सुटकेनंतरच्या कामाचा रस्ता होऊ शकतो, ही त्याची मांडणी टिकली. त्याच सुमारास तिथले फुटबॉल क्लब शेजारच्या कारागृहांशी जोडले गेले आणि बंद्यांना प्रशिक्षक व पंच होण्याचे धडे मिळू लागले.

या उदाहरणांत नुसत्या खेळण्याने कोणाला काम मिळालेलं नाही. शिट्टी, घड्याळ आणि गुणपत्रक हाती आलं तेव्हा फरक पडला. खो-खोचं घ्या. पाटीवर बसलेल्याला खो कधी मिळेल ठाऊक नसतं, मिळाला की क्षणात दिशा ठरवायची, आणि पंचाने फाउल दिला की पटो न पटो, मुकाट मान्य करायचा. रागाच्या एका क्षणाने आत आलेल्या माणसासाठी हा सराव लाखमोलाचा आहे. त्यालाच पुढे पंच केलं तर दोन्ही बाजू ओरडत असताना नियमाला धरून राहावं लागतं. दुकानाचा गल्ला, गोदामाची पाळी किंवा सोसायटीचं फाटक सांभाळायला याहून वेगळं काय लागतं?

येरवड्यात सुरुवात झाली आहे. इंडियन ऑइलच्या ‘परिवर्तन’ उपक्रमातून २०२१पासून देशातल्या कारागृहांत बुद्धिबळ, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, कॅरम यांचं प्रशिक्षण दिलं जातं. २०२३मध्ये कैद्यांच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत येरवड्याच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. बुद्धिबळ म्हणजे व्यायाम नव्हे, मान्य. तरी नियमित प्रशिक्षक आला आणि ध्येय समोर असलं की आतली माणसं काय करतात, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

अडचणी खऱ्या आहेत. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. संध्याकाळी बराकी लवकर बंद होतात. २०२२च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी, खटल्याचा निकाल न लागलेले, होते. त्यांना सक्तमजुरी नाही, म्हणून बहुतेकांना कारखान्यातलं कामही नाही. व्यवसाय शिक्षणाचा लांबलचक अभ्यासक्रम त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण जामीन कधीही होतो. त्यांच्या वाट्याला मैदानच येतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत पुरा होणारा पंचाचा, प्रथमोपचाराचा किंवा स्पर्धा भरवण्याचा छोटा अभ्यासक्रम त्यांच्यासाठीच आधी हवा.

पक्क्या कैद्यांसाठी वेळ आहे, तिथे मोठं काही करता येईल. फिटनेस ट्रेनरची मान्यताप्राप्त पात्रता आता कौशल्य विकासाच्या चौकटीत आहे. मुक्त विद्यापीठांची केंद्रं कारागृहांत चालतात. बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना सरावपाठ घ्यावेच लागतात. त्यातले काही येरवड्याच्या मैदानावर घ्यायला पुण्यातल्या महाविद्यालयांनी परवानगी मागावी आणि ती मिळावी, असं मला मनापासून वाटतं. प्रमाणपत्रावर नाव शिकवणाऱ्या संस्थेचं असावं, कारागृहाचं नको. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत भूतकाळ तसाही समोर येतोच. तेव्हा मालकाच्या टेबलावर त्या नोंदीशेजारी या माणसाने किती सामने चालवले आणि किती जणांना शिकवलं, याचा सही-शिक्क्याचा कागदही पडायला हवा.