किंग काँग नेमका कोणाचा?

१ जानेवारी २०२९ ला १९३३ सालच्या ‘किंग काँग’ चित्रपटाचा अमेरिकेतला कॉपीराइट संपतो. ९५ वर्षांची मुदत पुरी होते आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावरून विमानांशी झुंजणारा तो वानर तिथे सगळ्यांचा होतो. जुन्या चित्रपटांवर जीव असणाऱ्यांसाठी ही मोठी तारीख आहे. मात्र संपतोय तो एका चित्रपटावरचा हक्क. काँगचं नाव, पात्र म्हणून काँग, त्याची गोष्ट, त्याच्यावरचं पुस्तक, त्याचे नंतरचे अवतार यांचे मालक वेगवेगळे आहेत किंवा होते. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर जशी नावं वाढत जातात, तसंच या वानराचं झालं. पहिलं नाव चित्रपटाचा निर्माता-दिग्दर्शक मेरियन कूपरचं.

कूपर पहिल्या महायुद्धातला वैमानिक. पुढे इराण आणि सयामच्या जंगलांत कॅमेरा घेऊन फिरला. अजस्र गोरिलाची कल्पना त्याच्या डोक्यात आली ती ‘किंग काँग’ काढणाऱ्या आरकेओ स्टुडिओत नोकरीला लागण्याआधी. पुढचं सगळं भांडण या ‘आधी’भोवती फिरतं. नोकरीत असताना सुचलेली गोष्ट मालकाची, बरोबर आणलेली गोष्ट आणणाऱ्याची. आपण आरकेओला फक्त दोन चित्रपटांपुरता काँग वापरू दिला, एक मूळचा आणि एक त्याच वर्षी आलेला पुढचा भाग, अशी कूपरची आयुष्यभर ठाम समजूत होती.

चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, डिसेंबर १९३२ मध्ये, त्याची कादंबरी बाजारात आली. डेलॉस लव्हलेस यांनी ती पटकथेवरून लिहिली होती. मुखपृष्ठावर एडगर वॉलेस यांचंही नाव झळकलं. वॉलेस तेव्हाचे अतिशय खपाचे इंग्रज लेखक. पटकथेचा पहिला खर्डा लिहून ते फेब्रुवारी १९३२ मध्येच हॉलिवूडमध्ये न्यूमोनियाने वारले होते. जाहिरातीचा भाग म्हणून काढलेलं हे पुस्तक पुढे फार महत्त्वाचं ठरलं. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मुदत संपताना अर्ज करून तो पुढे चालू ठेवावा लागे. चित्रपटाचं नूतनीकरण झालं, कादंबरीचं कोणी केलंच नाही. म्हणजे १९६० नंतर तीच गोष्ट एका रूपात बंदिस्त होती आणि दुसऱ्या रूपात मोकळी.

तोवर काँग पुन्हा पुन्हा प्रदर्शित होऊन पैसे मिळवत होता. १९५२ च्या खेपेला तर त्याने भरघोस गल्ला जमवला. आरकेओ मात्र मोडकळीला आली, तिचा मालक हॉवर्ड ह्यूज याच्या हातून १९५५ मध्ये जनरल टायर या टायर बनवणाऱ्या कंपनीकडे गेली.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. काँगला ज्याने हालचाल दिली, तो विलिस ओब्रायन. मार्सेल डेलगाडोने धातूचा सांगाडा, रबर आणि सशाची फर यांतून घडवलेली जेमतेम दीड-दोन फुटांची बाहुली ओब्रायन एका वेळी केसभर हलवायचा, कॅमेऱ्याने एक चौकट (फ्रेम) टिपायचा आणि पुन्हा हलवायचा. अशा हजारो चौकटींनंतर त्या बाहुलीत राग, कुतूहल, दुःख दिसू लागलं. म्हातारपणी, काम मिळेनासं झालेलं असताना, त्याने काँग आणि फ्रँकेन्स्टाइनने घडवल्यासारखा एक राक्षस यांच्या झुंजीची कल्पना मांडली. जॉन बेक या निर्मात्याने ती हातात घेतली आणि फिरवत फिरवत जपानच्या तोहो कंपनीपर्यंत नेली. तिथे तो राक्षस बाजूला पडला, त्याच्या जागी तोहोचा स्वतःचा राक्षस गॉडझिला आला आणि ऑगस्ट १९६२ मध्ये काँग-गॉडझिलाचा चित्रपट जपानमध्ये लागला. ओब्रायनच्या बाहुलीऐवजी त्यात माणसाने घातलेला वानराचा पोशाख होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओब्रायन गेला. काँगच्या मालकीच्या पुढच्या कुठल्याही खटल्यात हिस्सेदार म्हणून त्याचं नाव नाही. ज्याच्या बोटांनी त्या वानरात प्राण ओतला, त्याला कायद्याने काहीच दिलं नाही, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोठं अन्यायाचं पान आहे.

तोहोला परवाना आरकेओने दिला होता, आणि त्याची बातमी कळताच कूपर हादरला. आपला वानर आपल्याला न विचारता विकला कसा? तो वकिलांकडे धावला. पण १९३० च्या दशकातले करार आणि पत्रं शोधायला गेला तर महत्त्वाची कागदपत्रं सापडेनात. डेव्हिड सेल्झनिकसारख्या जुन्या सहकाऱ्यांकडून दाखले गोळा करायची वेळ आली. लढा रेंगाळला आणि एप्रिल १९७३ मध्ये कूपर गेला. दावा उरला मुलाकडे, रिचर्ड कूपरकडे.

१९७५ मध्ये हॉलिवूडला काँगची पुन्हा आठवण झाली, आणि एकाच वेळी दोघांना. इटालियन निर्माता दिनो दे लॉरेंतिस आणि युनिव्हर्सल स्टुडिओ हे दोघंही आरकेओच्या दारात उभे होते. मे महिन्यात दे लॉरेंतिसने दोन लाख डॉलर आणि नफ्यात वाटा अशा बोलीवर सही केली. युनिव्हर्सलचं म्हणणं, आरकेओच्या प्रतिनिधीने त्याआधीच तोंडी होकार आपल्याला दिला होता. दावा झाला, प्रतिदावे झाले, मागण्या कोट्यवधी डॉलरांवर गेल्या.

मग युनिव्हर्सलच्या वकिलांनी जुनी कादंबरी बाहेर काढली. तिचा कॉपीराइट संपलेला आहे, तिच्यावरून कोणीही चित्रपट काढू शकतो, मग आम्हाला आरकेओच्या परवानगीची गरजच काय? लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश मॅन्युएल रिअल यांनी हे मान्य केलं. मूळ चित्रपटात नव्याने आलेल्या गोष्टी उचलायच्या नाहीत, एवढीच अट. युनिव्हर्सलने तोवर आपला चित्रपट मागे ठेवला होता आणि दे लॉरेंतिसचा डिसेंबर १९७६ मध्ये पडद्यावर आला.

त्याच सुमारास त्याच न्यायालयाने रिचर्ड कूपरच्या दाव्याचाही निकाल लावला. १९३३ चे दोन चित्रपट आरकेओचे, त्यापलीकडे नाव, पात्र आणि गोष्ट यांतले आरकेओ सांगत असलेले हक्क कूपरच्या वारसाचे. वडिलांनी जे सांगितलं ते मुलाच्या हाती कागदावर आलं, पण वडील तेव्हा हयात नव्हते. रिचर्ड यांनी पुस्तक प्रकाशनाचे हक्क राखून बाकीचा वाटा लगेच युनिव्हर्सलला विकला. किंमत पुन्हा दोन लाख डॉलर.

म्हणजे १९७६ संपताना चित्र असं होतं: जुने चित्रपट आरकेओकडे, नवा चित्रपट दे लॉरेंतिसकडे, पुस्तकं कूपर कुटुंबाकडे, कादंबरीतली कथा सगळ्यांकडे, आणि उरलेलं युनिव्हर्सलकडे. या ‘उरलेलं’मध्ये नेमकं काय येतं, हे सात वर्षांनी कळलं.

१९८१ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘डाँकी काँग’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत तुफान चालला. एक वानर, त्याने पळवलेली मुलगी, आणि तिच्यासाठी शिड्या चढणारा माणूस. हे आमच्या काँगचं उल्लंघन आहे असं म्हणत युनिव्हर्सलने निन्टेन्डोला आणि तिच्या परवानाधारकांना नोटिसा धाडल्या. खेळण्यांच्या व्यवसायातली कोलेको घाबरून रॉयल्टी द्यायला तयार झाली. निन्टेन्डोने मात्र नकार दिला. तिचे वकील जॉन किर्बी यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात युनिव्हर्सलचाच १९७६ चा खटला समोर ठेवला. ज्या कंपनीने काँगची गोष्ट कोणाचीच नाही हे सिद्ध करून घेतलं, तीच आता ती आपली म्हणते आहे.

न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी डिसेंबर १९८३ मध्ये युनिव्हर्सलचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. ट्रेडमार्क टिकतो तो नाव ऐकताच लोकांच्या मनात एक उगम उभा राहिला तर. ‘किंग काँग’ ऐकून कोणी एका कंपनीकडे बोट दाखवत नाही, आणि हक्कांच्या इतक्या वाटण्या झाल्यावर तसं बोट दाखवताही येत नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे लगेच पटेल. दारा सिंगबरोबर आखाड्यात उतरणारा धिप्पाड हंगेरियन पैलवान एमिल चाया याच नावाने गाजला, आणि १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी दारा सिंगला घेऊन ‘किंग काँग’ नावाचा हिंदी चित्रपटच काढला. नाव हॉलिवूडच्या हातून केव्हाच निसटलं होतं.

१९८४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. युनिव्हर्सलला खर्च आणि नुकसानभरपाई म्हणून सुमारे १८ लाख डॉलर मोजावे लागले. निन्टेन्डो तेव्हा अमेरिकेत नवखी होती. हा खटला ती हरली असती, तर व्हिडिओ गेमचा इतिहास वेगळा झाला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुढच्या वाटण्या थोडक्यात. आरकेओचा जुना संग्रह १९८० च्या दशकात टेड टर्नरकडे आणि तिथून वॉर्नरकडे गेला. युनिव्हर्सलने २००५ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनकडून आपला काँग करून घेतला. लेजेंडरी कंपनीने २०१४ मध्ये काँगचा नवा चित्रपट युनिव्हर्सलबरोबर जाहीर केला, पण गॉडझिलाशी त्याची गाठ घालायची म्हणून तो वॉर्नरकडे नेला. गॉडझिला अर्थातच तोहोचा. त्यामुळे २०२१ मध्ये दोघे पुन्हा भिडले, तेव्हा एका राक्षसाचा मालक टोकियोत होता आणि दुसऱ्याचा हिशेब अजूनही अनेक कपाटांत विखुरलेला होता.

ओब्रायनच्या बाहुल्यांचं रबर आणि फर केव्हाच गळून पडली. त्यांतला एक धातूचा सांगाडा मात्र टिकला. २००९ मध्ये लंडनच्या लिलावात तो एक लाखाहून जास्त पौंडांना विकला गेला.