वेतनातील स्त्री-पुरुष तफावत

स्त्री व पुरुष कामगारांच्या मिळकतीतील अंतर. ते सामान्यतः पुरुषांच्या ताशी वेतनाच्या टक्केवारीत मांडतात. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारे वेतन) घेतल्यास आकडा बदलतो. शिक्षण, अनुभव व व्यवसाय जमेस धरून उरणारे अंतर तेवढाच भेदभाव, असे काही अर्थतज्ज्ञ मानतात. तथापि ठरावीक कामेच स्त्रियांच्या वाट्याला येणे हाही भेदभाव असू शकतो. म्हणून हे मत अपुरे वाटते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये समान कामास समान वेतन हे निदेशक तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा १०० क्रमांकाचा संकेत (आंतरराष्ट्रीय करार) भारताने १९५८ मध्ये स्वीकारला; समान वेतनाचा कायदा मात्र आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, १९७५ च्या अध्यादेशाने आला व १९७६ मध्ये त्याचा अधिनियम झाला. संकेतात ‘समान मूल्याचे काम’ आहे, अधिनियमात ‘तेच किंवा तत्सम स्वरूपाचे काम’. फरक किरकोळ नाही. पहिल्या कसोटीने परिचारिका व यंत्रचालक यांच्या कामांची तुलना होऊ शकते. दुसरीत कौशल्य, श्रम व जबाबदारी सारखीच लागते. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन असल्याच्या खटल्यात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने या व्याख्येकडे व्यापक दृष्टीने पाहिले. गोपनीय लघुलेखिकांच्या जागी पुरुष नाहीतच, युनियनशी करार झाला आहे, कंपनीला हा बोजा परवडत नाही, हे कंपनीचे बचाव टिकले नाहीत. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या वेतन संहिता, २०१९ मध्येही ‘तत्सम स्वरूप’ कायम आहे.

शेतीत या कसोटीची मर्यादा दिसते. नांगरट, फवारणी गड्याची. निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी बाईची. कामे वेगळी म्हणून हजेरीचे दरही वेगळे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत (अधिनियम १९७७) मजुरी कामाच्या मापावर असल्याने दर दोघांना एकच असतो. ऊसतोडीत मात्र नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर ठरते, हंगामाआधीची उचल मुकादमाकडून बहुधा नवरा घेतो आणि हिशेब कोयत्याच्या नावाने राहतो. ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसते, त्यामुळे येथे तफावत काढायलाही आकडा सापडत नाही.