मानकऱ्यांच्या मुलखातले अमानी

कोकणात ‘मान’ हा शब्द फार जड आहे. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, देवळात गाऱ्हाणं कोण घालणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि त्यावरून कोर्टाची पायरी चढलेल्या भावक्याही आहेत. देवाचं म्हणणंसुद्धा इथे कौल लावून, रीतसर कळतं. अशा मुलखात ज्याच्याकडे ना मानपान ना गादी, त्याच्या शब्दाला वजन आलं ते कसं?

त्याची सुरुवात बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांपासून धरायला हवी. जन्म १७१४चा. कुळकर्णीपण घरात चालत आलेलं. ते सोडून ते नाथपंथी भजनात रमले. महादजी शिंद्यांनी स्वतःची कविता दाखवली, तेव्हा ‘आम्ही बेपर्वा फकीर, तुझी गरज नाही’ अशा अर्थाचं पद सोहिरोबांनी ऐकवलं, अशी कथा आहे. ही कसली नम्रता, असं कुणी म्हणेल. पण मान नको असलेल्या माणसालाच दरबारात असं बोलणं परवडतं.

पुढच्या शतकात माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी (१८५४–१९१४). गावात स्वतः उभारलेलं दत्तमंदिर सात वर्षांत मागे टाकून ते निघाले, पुढे संन्यास घेतला, आणि देह ठेवला तो पार नर्मदेकाठी गरुडेश्वरला. आचाराला अतिशय कडक. मात्र जे करायचं ते ‘दत्ताची आज्ञा’ म्हणून. अधिकार आज्ञेचा, आपण फक्त पाळणारे.

रत्नागिरीजवळच्या पावस गावची गोष्ट याहून निराळी, कारण तिथे निघून जाणंच नाही. रामचंद्र विष्णू गोडबोले, म्हणजे स्वामी स्वरूपानंद, यांचा जन्म १५ डिसेंबर १९०३चा. पुण्यात बाबा महाराज वैद्य म्हणजे गणेशनाथ यांच्याकडून नाथपंथाचा अनुग्रह. गावी राष्ट्रीय शिक्षणाचा खटाटोप, मग १९३२ साली कायदेभंगात येरवड्याचा तुरुंग. १९३४च्या जीवघेण्या दुखण्यानंतर ते देसायांच्या ‘अनंत निवास’मध्ये राहिले ते शेवटपर्यंत, सुमारे चाळीस वर्षं. दुसऱ्याच्या घरातली एक खोली, एवढाच मठ. माणसं तिथे येत, सोहम्‌ साधना (श्वासाबरोबर ‘तो मी’ हे स्मरण) घेऊन परत जात. ना मोठी प्रवचनं, ना दौरे.

त्या खोलीत झालेलं मोठं काम म्हणजे ‘अभंग ज्ञानेश्वरी’. मूळ ओव्या सोप्या मराठीत, अभंगाच्या चालीवर. नवं तत्त्वज्ञान मांडायचा हव्यास नाही. ज्ञानदेवांचं म्हणणं घाटावरच्या नि कोकणातल्या साध्या वाचकाला कळावं, एवढंच. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिलं येतं अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. आपली पूजा डोळ्यांना दिसू नये, कीर्ती कानांवर पडू नये, असं तिथे ज्ञानदेव सांगतात. पावसला हे लिहूनही झालं आणि जगूनही. गंमत अशी की स्वरूपानंदांच्या अभंगांची नाममुद्रा मात्र ‘स्वामी म्हणे’. मला त्यात विसंगती वाटत नाही. नाथपंथात बोलणारा परंपरेच्या तोंडून बोलतो, आणि शिष्यही त्याच परंपरेला डोकं टेकवतो.

१५ ऑगस्ट १९७४ला स्वामी स्वरूपानंद गेले. मग समाधिमंदिर झालं, उत्सव आले, गाड्या आल्या. अमानी माणसाच्या मागे मान येतोच. त्याला कोण काय करणार! अनंत निवासमधली खोली अजून दाखवतात. मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, रांगेत उभं राहून.