नळीला चिकटणारा वायू: शहराच्या हवेतल्या अमोनियाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

अमोनिया मोजायला अवघड का, हे एकदा नीट समजलं की त्याचा इतिहासही उलगडतो. कार्बन मोनॉक्साइड पंपाने नळीतून ओढला की जसाच्या तसा यंत्रापर्यंत पोचतो. अमोनियाचं तसं नाही. तो पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे नळीच्या आतल्या बाजूला दमटपणाचा दिसणारही नाही इतका पातळ थर असला तरी त्यातच मुरून बसतो. मग बाहेरची हवा स्वच्छ झाली तरी तिथून हळूहळू सुटत राहतो आणि यंत्रावरचा आकडा उतरायचं नाव घेत नाही.

मोजमापाची सुरुवात मात्र फार जुनी आहे. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरची हवा आणि पाऊस तपासून हवेचे तीन प्रकार सांगितले: दूरच्या शेतांवर अमोनियम कार्बोनेटची, उपनगरांत अमोनियम सल्फेटची आणि शहरात गंधकाम्लाची. कोळशाच्या धुराचं आम्ल आणि अमोनिया यांची गाठ कुठे पडते, याचा हा जवळजवळ नकाशाच होता. पुढे १८५६ मध्ये नेसलरचं द्रावण आलं. अमोनिया असलेल्या पाण्यात ते टाकलं की पाणी पिवळं होतं, जास्त असेल तर तपकिरी. पण शहरांनी लक्ष दिलं ते धूर आणि सल्फर डायॉक्साइडकडे. अमोनिया ही शेण-मूत्राची, खताची, म्हणजे गावाकडची गोष्ट मानली गेली. माझ्या मते या समजुतीने फार नुकसान केलं.

चिकटपणावरचा तोडगा शेवटी चिकटपणातूनच निघाला. स्वीडनमध्ये मार्टिन फर्म यांनी १९७९ मध्ये एका बारीक काचनळीला आतून ऑक्झॅलिक आम्लाचा लेप दिला. हवा संथपणे जाते तेव्हा वायूचे हलके रेणू भरकटत भिंतीला लागतात आणि तिथेच अडकतात; त्यांच्या मानाने जड असलेले, अमोनिया आणि आम्ल मिळून बनलेले कण सरळ पुढे निघून जातात. नळी पाण्याने धुवायची आणि त्या पाण्यातला अमोनिया मोजायचा. वायू आणि कण असे वेगळे करणं गरजेचं होतं, कारण साध्या गाळणीवर जमलेलं अमोनियम नायट्रेट ऊन चढलं की उडून जातं आणि दोन्ही आकडे चुकतात.

शहर आणि भोवतालचा परिसर यांचं नातं सगळ्यात स्पष्ट दिसलं ते लॉस एंजेलिसमध्ये. समुद्राकडून येणारा वारा शहरातल्या वाहनांच्या धुरापासून बनलेलं नायट्रिक आम्ल पूर्वेला चिनो भागातल्या दुग्धशाळांवर नेई. तिथे त्याला अमोनिया भेटे आणि त्यापुढच्या रिव्हरसाइडच्या बाजूला अमोनियम नायट्रेटच्या सूक्ष्म कणांनी हवा धुरकट होई. पण १९९३ मध्ये त्याच महानगरातल्या व्हॅन नाइस बोगद्यात मोजणी झाली आणि गाड्यांमधूनही बराच अमोनिया बाहेर पडतो असं दिसलं. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी पेट्रोल गाड्यांना बसवलेला उत्प्रेरकच, इंधनाचं प्रमाण हवेच्या मानाने जास्त झालं की, त्यातल्या काहींचं रूपांतर अमोनियात करत होता. म्हणजे स्रोत गोठ्याइतकाच सिग्नलवरही होता.

मार्च २०१४ मध्ये पॅरिसवर कणांचं दाट आवरण साचलं आणि १७ मार्चला सम-विषम क्रमांकानुसार गाड्यांवर बंदी घालावी लागली. त्या कणांत अमोनियम नायट्रेटचा मोठा वाटा होता, आणि हेच वसंतातल्या खतपेरणीचे दिवस होते. तोवर २००६ मध्ये सोडलेल्या मेटॉप या हवामान उपग्रहावरचं आयएएसआय हे इन्फ्रारेड किरणांवरून वायू ओळखणारं उपकरण अवकाशातून अमोनिया टिपू लागलं होतं. पण ते सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास वरून जाई, ढगांपलीकडे त्याला दिसत नसे, आणि ते मोजे तो हवेचा संपूर्ण उभा स्तंभ, माणसाच्या नाकाजवळची हवा नव्हे.

म्हणून आम्लात भिजवलेला कागद असलेल्या, वीज न लागणाऱ्या छोट्या डब्या आजही खांबांवर महिनाभर टांगल्या जातात. ब्रिटनचं असं राष्ट्रीय जाळं १९९६ पासून चालू आहे. एखाद्या महानगराचा अंदाज घ्यायचा तर या डब्या भर चौकापासून उपनगरं ओलांडून शेतांपर्यंत लावाव्या लागतात, म्हणजे स्मिथच्या तिन्ही हवांमध्ये.