नाण्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि स्लॅब वेगळा

परवा परत एकाने फोटो पाठवला. कॅप्सूलमध्ये जॉर्ज सहावाचा रुपया, शेजारी लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर "१००% ओरिजिनल, सर्टिफाइड", आणि खाली प्रश्न, "दादा घेऊ का, सर्टिफाइड आहे." महिन्यातून चार-पाच वेळा हाच प्रश्न येतो आणि दरवेळी तेच उत्तर टाइप करतो, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच ठेवतो.

डीलरचं सर्टिफिकेट काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. विकणारा स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देतो की नाणं खरं आहे, खाली सही-शिक्का. स्लॅब म्हणजे नाणं तिसऱ्याच कंपनीकडे पाठवायचं, ते लोक खरं-खोटं तपासतात, नाण्याची अवस्था किती चांगली आहे त्याप्रमाणे १ ते ७० मधली ग्रेड देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. यातल्या जगभर चालणाऱ्या मोठ्या दोन कंपन्या पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७), दोन्ही अमेरिकेतल्या. होलोग्राम, बारकोड, डबीचा आकार, लेबलचा रंग या फरकांवर मी वेळ घालवणार नाही, ते सगळं कोणीही छापून घेऊ शकतो.

खरा फरक एकच आहे आणि लोक तिथेच फसतात. मत चुकलं तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार?

सोन्याचं उदाहरण घ्या. सोनार चिठ्ठीवर २२ कॅरेट लिहितो तेव्हा तो स्वतःच्याच मालाबद्दल बोलत असतो. हॉलमार्क बाहेरच्या केंद्रातून होतो, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक असतो, तो तुम्ही बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता. सोन्याच्या बाबतीत हा फरक घरातल्या आजीलाही पक्का ठाऊक असतो, पण नाण्याची वेळ आली की हीच माणसं विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर वीस-तीस हजार काढून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक प्रसंग सांगतो. नाण्यांच्या प्रदर्शनात एक काका भेटले, नुकताच १९३९ चा रुपया घेऊन आले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, ९१.७ टक्के चांदीचा हा शेवटचा, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३८ चा मात्र सहज मिळतो आणि दोन्हींच्या किमतीत प्रचंड अंतर आहे. काकांनी घरी सगळं तपासलं होतं, वजन ११.६६ ग्रॅम बरोबर, चुंबकाला चिकटत नाही, फरशीवर टाकला तर आवाज चांदीचा, कडेच्या रेघा व्यवस्थित, आणि वर सर्टिफिकेट. मी भिंग लावलं आणि नाणं दिव्याखाली तिरकं धरलं तर शेवटच्या ९ च्या पोटाखाली डाव्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा दिसल्या, तेवढ्याच भागात पृष्ठभाग जरा खोलगट आणि चमक वेगळी. कोणीतरी १९३८ च्या ८ चा खालचा डावा भाग खरवडून त्याचा ९ केला होता. म्हणजे नाणं टांकसाळीचंच, चांदीही खरी, म्हणून वजन-आवाजाच्या सगळ्या परीक्षांत पास, खोटं फक्त साल. आणि सर्टिफिकेटवर काय लिहिलं होतं? "अस्सल चांदीचा रुपया." ते वाक्य शब्दशः खरंच होतं! साल मूळ आहे असं कुठेच नव्हतं, नाण्याचा फोटो नव्हता, वजन नव्हतं, आणि मत चुकलं तर पैसे परत असंही नव्हतं.

चांगल्या ग्रेडिंग कंपनीचं उलट असतं. पीसीजीएस आणि एनजीसी दोघांची लेखी हमी आहे, त्यांच्या डबीतलं नाणं खोटं निघालं किंवा ग्रेड जास्त दिली गेली असं ठरलं तर ते भरपाई देतात. त्यांचे ग्रेडर नाण्यांचा धंदा करू शकत नाहीत, त्यामुळे नाणं विकलं जावं यात त्यांचा फायदा नसतो. पण हमीची पानं वाचा, सगळं त्यात येत नाही. तांब्याच्या नाण्याचा रंग पुढे बदलला तर हमी मर्यादित असते किंवा नसतेच. एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा विभाग तर ग्रेड देतो पण नाणं खरं असल्याची हमी देत नाही, हे ते स्वतः लिहितात. ग्रीक-रोमन नाणं स्लॅबमध्ये आहे म्हणून डोळे झाकून घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

भारतातही आता ग्रेडिंग करून देणारे आहेत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, फक्त हेच विचारा. चुकलं तर लेखी भरपाई देता का, तुम्ही स्वतः किंवा तुमचे भागीदार नाणी विकता का, आणि एखादं नाणं नाकारून परत पाठवता का. ज्या दुकानात नाणं विकतात त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत ग्रेडिंग होत असेल तर ती डबी म्हणजे प्लॅस्टिकमध्ये घातलेलं डीलरचं सर्टिफिकेटच आहे, मी तिला स्लॅब म्हणत नाही. आणि "आरबीआय अप्रूव्हड" असं कोणी म्हणालं तर तिथून उठाच. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहाराशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलं कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

आता स्लॅबच्या लेबलवरचा नंबर. "कंपनीच्या साइटवर नंबर टाकला, मॅच झाला" एवढ्यावर लोक खूश होतात. नंबर मॅच झाला म्हणजे त्या नंबरचं एक नाणं कुठेतरी आहे, तुमच्या हातातलं तेच आहे असं नाही. खोटे स्लॅब २००८ पासून बाजारात आहेत आणि ते बनवणारे खऱ्या स्लॅबचाच नंबर उचलतात. साइटवर फोटो असेल तर तो मोठा करून हातातल्या नाण्याशी ताडून बघा, राजाच्या गालावरचा ओरखडा, कडेचा काळा डाग, हे जुळलं पाहिजे. फोटो नसेल तर महागडं नाणं अनोळखी माणसाकडून मी घेत नाही.

अजून एक गोंधळ, पण हा थोडक्यात. खरं असणं आणि ग्रेड मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीने लक्ष्मीपूजनाला वर्षानुवर्षं ठेवलेला रुपया शंभर टक्के खरा असतो, पण दर दिवाळीला हळदकुंकवाचे डाग काढायला चिंच लावून घासलेला असतो, किंवा माळेत ओवायला वर कडी डाखलेली असते आणि पुढे ती काढलेली असते. अशा नाण्याच्या लेबलवर नुसता आकडा येत नाही, "डिटेल्स" येतं आणि पुढे कारण, साफ केलेलं वगैरे. म्हणजे नाणं खरं, पण किंमत बरीच खाली. कंपनीने फसवलं म्हणून लोक चिडतात, मला तर असं लिहिणाऱ्या कंपनीवर जास्त विश्वास वाटतो. आणि कृपा करून घरातली जुनी नाणी चिंच, राख, टूथपेस्ट कशानेही घासू नका, काळी पडलेली आहेत तशीच राहू द्या.

नाणं ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवण्याआधी कायदाही बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९३९ चा रुपया पाठवता येईल, पण १९११ चा तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला रुपया किंवा शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) कुरिअरने अमेरिकेला पाठवू नका, "सगळेच पाठवतात" हे ऐकूही नका. शिवराईच्या बाबतीत तर डीलरच्या सर्टिफिकेटवरचं "महाराजांच्या काळातली" हे मी वाचतसुद्धा नाही, कारण शिवराई महाराजांनंतरही पेशवाईभर पाडल्या गेल्या आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नंतरच्याच असतात, दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, तर नक्कीच. तिथे स्लॅबपेक्षा अभ्यासकाला दाखवणं बरं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं म्युझियम एकदा सावकाश बघून या, खऱ्या नाण्यांवर नजर बसते.

दोन-तीन हजारांच्या आतलं नाणं मी स्लॅबला पाठवतच नाही, फी आणि कुरिअरमध्येच नाण्याची किंमत जाते. महाग नाणं असेल आणि स्लॅब नसेल तर डीलरकडून कार्ड नको, बिलावर एक वाक्य हाताने लिहून मागा, "१९३९ हे साल मूळ आहे, पीसीजीएस किंवा एनजीसीने नाणं खोटं किंवा फेरफार केलेलं ठरवलं तर पूर्ण पैसे परत, मुदत एक वर्ष." त्या काकांनाही मी हेच सांगितलं. ते त्याच दिवशी संध्याकाळी परत गेले, विकणाऱ्याने हे वाक्य लिहायला नकार दिला आणि बरीच वादावादी झाल्यावर निम्मे पैसे हातावर ठेवून नाणं परत घेतलं. पुढच्या महिन्यात तोच रुपया, त्याच रेघा, दुसऱ्या कॅप्सूलमध्ये मला परत विक्रीला दिसला, फक्त कार्ड नवीन होतं.