एक्झिम सोर्समधून बिल्ड करताय? आधी डिफॉल्ट सेटिंग काय आहेत ते बघून घ्या

एक्झिम म्हणजे सर्व्हरवर मेल घेणारं-पोचवणारं सॉफ्टवेअर, आणि सोर्समधून बिल्ड म्हणजे तयार पॅकेज न टाकता मूळ कोडपासून ते स्वतः तयार करणं. मेल सर्व्हरचं काम आमच्याकडे आलं की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला, अहो पॅकेज टाकलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, बिल्ड कशाला करताय? एकाच प्रकारच्या लिनक्सवर एकच सर्व्हर असेल तर खरंच पॅकेजच टाका, आम्हीपण तेच सांगतो. पण तुमच्याकडे दोन लिनक्स, एक फ्रीबीएसडी आणि कुठेतरी अजून एक जुनं सोलारिस चालू आहे, आणि सगळीकडे एक्झिमचं तेच व्हर्जन त्याच फीचर्ससकट पाहिजे, तर मग बिल्डला पर्याय नाही. अशाच ग्राहकांसाठी हे लिहिलंय.

एक्झिम १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी सुरू केलं, आणि तेव्हापासून ते वेगवेगळ्या युनिक्सवर चालावं म्हणून त्याची बिल्ड पद्धत थरांची आहे. सोर्समध्ये ओएस नावाचं फोल्डर असतं, त्यात मेकफाइल-डिफॉल्ट असते (मेकफाइल म्हणजे बिल्ड कसं करायचं ते लिहिलेली फाइल, मेक ही कमांड ती वाचून बिल्ड करते), तिच्यात कंपायलर जीसीसी, ऑप्टिमायझेशन साधं, असं सगळ्यांना चालेल तेवढंच असतं. तिच्यावर त्या त्या सिस्टिमची फाइल बसते, मेकफाइल-लिनक्स, मेकफाइल-फ्रीबीएसडी वगैरे. त्याच्यावर तुमचं लोकल फोल्डर, म्हणजे आधी सगळ्या मशीनसाठी एक मेकफाइल, मग हवी तर सिस्टिमपुरती, मग प्रोसेसरपुरती, मग दोन्ही मिळून. या सगळ्या एकामागोमाग जोडल्या जातात आणि जी किंमत शेवटी येते ती लागू होते. म्हणून ओएस फोल्डरमधल्या फाइलला हात लावू नका!! नवीन व्हर्जन उतरवलं की तुमचा बदल गेला, आणि सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षातपण राहत नाही की असा काही बदल होता. जे काय करायचंय ते लोकलमध्येच. एक बारीक गोष्ट, सिस्टिमपुरती लोकल फाइल नंतर काढून टाकली तर ते मेकला कळत नाही, मुख्य लोकल मेकफाइलला टच करून (म्हणजे टच कमांडने तिची तारीख-वेळ नवी करून) मगच परत मेक चालवायचं.

लोकल मेकफाइल तयार करायची म्हणजे एसआरसी फोल्डरमधली एडिटमी नावाची नमुना फाइल कॉपी करायची आणि भरायची. लोक ती कॉपी करतात पण वाचत नाहीत, आणि आमच्याकडे येणारे निम्मे फोन इथूनच निघतात. मेलडिर सपोर्ट, प्लेन लॉगिन, मायएसक्यूएल लुकअप, व्हायरस तपासणीचा भाग, या सगळ्या ओळी त्यात कॉमेंट केलेल्या, म्हणजे पुढे हॅश (#) लावून बंद ठेवलेल्या असतात. तुम्ही हॅश काढला नाही तर ते बायनरीत, म्हणजे बिल्डमधून तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, येतच नाही, मग कॉन्फिगमध्ये कितीही लिहा, एक्झिम म्हणणार हे मला माहीतच नाही. डिफॉल्ट म्हणजे आमच्या मते शिफारस नव्हे, कुठल्याही मशीनवर निदान बिल्ड व्हावं यासाठी ठेवलेलं किमान सामान आहे. टीएलएसचं (मेल एनक्रिप्ट करून पाठवण्याची सोय) मात्र एक्झिम ४.९३ पासून उलटं झालंय, आता ते धरलेलंच असतं, फक्त त्यासाठी लायब्ररी ओपनएसएसएल की ग्नूटीएलएस ते तुम्ही सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एक्झिम युझर, म्हणजे एक्झिम ज्या युझरच्या नावाने चालतं तो. ही जागा रिकामी ठेवली तर बिल्ड थांबतं, रूट लिहिलं तरी थांबतं, आणि ते बरोबरच आहे. पण नाव लिहिलं की त्या नावाचा युझर नंबर बिल्ड करतानाच शोधून बायनरीत कायमचा बसवला जातो, हे फार कमी जणांना माहितीये. एका ग्राहकाने एका मशीनवर बिल्ड करून तीच बायनरी बाकीच्या सर्व्हरवर नेली, सगळीकडे युझरचं नाव एकच पण नंबर वेगळा, मग लॉग उघडेना, स्पूलमध्ये (पाठवायचे मेल थांबतात ते फोल्डर) लिहिता येईना, आणि आम्ही अर्धा दिवस परमिशनच तपासत बसलो होतो. उपाय एका शब्दाचा आहे, नावाआधी इंग्रजीत ref आणि कोलन (ref:) लावायचं, मग नंबर एक्झिम चालू होताना त्या त्या मशीनवर शोधला जातो. बायनरी एका ठिकाणी करून वाटणार असाल तर हे लावाच.

लायब्ररींचं प्रत्येक सिस्टिमवर वेगळं. सोलारिसवर सॉकेटचे फंक्शन वेगळ्या लायब्ररीत असतात म्हणून तिथल्या फाइलमध्ये त्या जोडलेल्या दिसतील, तीच ओळ उचलून लिनक्सला लावू नका. उलट नव्या लिनक्सवर एनएसएल लायब्ररी बऱ्याचदा आपोआप येत नाही, लिंक करताना ती सापडत नाही असा एरर आला तर घाबरू नका, आपल्याला ती लागत नसेल तर लोकल फाइलमध्ये लायब्ररींची ओळ आपली लिहून टाका. आणि स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर एक्झिम मॉनिटरची (एक्झिमचं काम खिडकीत दाखवणारा प्रोग्रॅम) ओळ आधी बंद करा, नाहीतर ते एक्स विंडोच्या फाइली मागत बसतं.

पोस्टफिक्स हे एक्झिमसारखंच दुसरं मेल सॉफ्टवेअर, ते वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे मेकडेफ्स नावाची स्क्रिप्ट सिस्टिम ओळखते, आणि टीएलएस, सॅसल (लॉगिन तपासणीची पद्धत), डेटाबेस हे मेक मेकफाइल्स चालवताना तुम्ही स्वतः सांगायचं असतं, पुढच्या वेळी ते आपोआप आठवत नाही म्हणून ती कमांड कुठेतरी लिहून ठेवा. सेंडमेल हे जुनं मेल सॉफ्टवेअर अजून वापरत असाल तर त्याचे बदल डेव्हटूल्समधल्या साइट फोल्डरात जातात, विचार तोच.

आता परत एक्झिमकडे. इन्स्टॉलच्या आधी इन्स्टॉल आर्ग्युमेंटमध्ये मायनस एन (-n) देऊन बघा, काय काय करणार ते नुसतं दाखवतं, करत काहीच नाही. खरं इन्स्टॉल केलं की बायनरी व्हर्जन नंबरच्या नावाने बसते आणि एक्झिम हे नाव तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक असते, म्हणजे काही बिघडलं तर जुन्या बायनरीकडे लिंक फिरवली की मागे आलात. जुन्या बायनरी पुसायची घाई करू नका.

आम्हाला फोन करायच्या आधी दोन गोष्टी पाठवा, एक्झिमला मायनस बी आणि कॅपिटल व्ही (-bV) देऊन जे येतं ते आख्खं आणि तुमचं लोकल फोल्डर, पण त्यात पासवर्ड वगैरे काही लिहिलेलं असेल तर ते आधी काढून. पहिल्यात बायनरीत काय काय आहे ते सगळं दिसतं, दुसऱ्यात तुम्ही काय मागितलं होतं ते, आणि फरक कुठे पडला ते आम्ही तिथूनच बघायला सुरुवात करतो.